तडा कुठे दिसला, ते दाखवा

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळून 16 जण गेले, तेव्हा ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तीस वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे करणारा मुंबईचा नियम महाडला असता, तरी तिच्यापर्यंत पोहोचला नसता.

आता ड्रोनने किंवा मोबाइलने फोटो काढायचे आणि तडे कृत्रिम बुद्धिमत्तेने शोधायचे, असे तंत्र आले आहे. परांची न बांधता पाचव्या मजल्याचा छज्जा तपासता येणार असेल, तर ते हवेच. पण यंत्र नुसते ‘तडा आहे’, ‘तडा नाही’ एवढेच सांगणार असेल, तर सावध व्हायला हवे. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाच्या 2018 च्या संग्रहात काँक्रीटचे 56 हजारांहून अधिक फोटो आहेत. अशा फोटोंतून तिकडच्या पुलांवर आणि भिंतींवर शिकलेल्या यंत्राला आपल्या चाळीचे शेवाळ, केबलींचे गुंते आणि पानाच्या पिचकाऱ्या काय कळणार? वायरची सावलीही त्याला तडा वाटू शकते.

म्हणून कारण दाखवणारे यंत्र हवे. ‘ग्रॅड-कॅम’सारख्या पद्धतीत यंत्राने फोटोतला कोणता भाग पाहून निर्णय दिला, तो लाल रंगात उमटतो. लाल डाग वायरवर पडला, तर नवखा कनिष्ठ अभियंताही चूक पकडेल.

तरी हा डाग फक्त जागा दाखवतो, दुखणे सांगत नाही. गिलाव्याची केसभर भेग आणि आतली सळई गंजून फुगल्याने कॉलमला गेलेली उभी चीर, दोन्ही लालच दिसणार. तिथे हातोडी, अल्ट्रासोनिक चाचणी, प्रसंगी कोअर काढणे याला पर्याय नाही. घाटकोपरची साई दर्शन 25 जुलै 2017 रोजी पडली, 17 जण दगावले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते. ते बाहेरच्या ड्रोनला कसे दिसावे?

खरी भीती पुढेच आहे. मालकाचा ऑडिटर इमारत ‘सी-1’, म्हणजे पाडण्याजोगी ठरवतो. भाडेकऱ्यांचा म्हणतो, दुरुस्तीने भागेल. या भांडणात उद्या यंत्राचा कागद येईल आणि तो ‘निःपक्षपाती’ म्हणून मिरवेल. घर रिकामे करायला सांगणाऱ्या नोटिशीला तो लाल डागाचा फोटो, मराठीत कारण आणि अभियंत्याची सही जोडणे पालिकांनी आताच बंधनकारक करावे. ‘तडा नाही’ म्हणणाऱ्या अहवालालाही हीच अट हवी, आणि फॉल्स सीलिंगमागचे कोणते बीम पाहिलेच नाहीत, तेही त्यात लिहिलेले हवे.