डी दाबा, आजोबा दिसतील!

परवा काकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर खजिना सापडला. 2005 च्या महापुरात आमचे आजोबा लोकल केबलच्या बातम्यांत झळकले होते आणि काकांनी ते टीव्ही ट्यूनर कार्डवर रेकॉर्ड केलेलं. आजोबा आता नाहीत. त्यामुळे आईसकट सगळे लॅपटॉपभोवती.

आवाज आला, चित्र काळं! कॉम्प्युटरवाला म्हणाला, "फाइल करप्ट आहे, डिलिट मारा." (थांबा मंडळी, असं लगेच काही मारू नका.) रेकॉर्डिंग होतं एमपेग-2 मधलं आणि प्लेअरकडे त्याचा कोडेकच नव्हता. मग व्हीएलसी टाकला. 1996 मध्ये पॅरिसच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी सुरू केलेला हा फुकट प्लेअर कोडेक सोबत घेऊनच येतो. चित्र आलं, पण आजोबांचा हात हलला की फणीसारख्या रेघा. जुन्या टीव्हीचं चित्र सम-विषम ओळींच्या दोन हप्त्यांत यायचं, कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो. 'डी' दाबलं, रेघा गायब. आवाज मात्र ओठांच्या पुढे पळत होता. मग 'के' दाबत बसले, दर वेळी 50 मिलिसेकंद मागे.

अकराव्यांदा जमलं. पंचगंगेच्या पाण्याकडे बोट दाखवत आजोबा म्हणाले, "काय हुत न्हाई, उतरतंय पाणी."

आई म्हणाली, "परत लाव."