विडी सोडवायला मेडिकलवाल्याची मदत

धडधाकट माणूस डॉक्टरकडे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच जातो. मेडिकलच्या दुकानाची पायरी मात्र घरातले कोणी ना कोणी दर आठवड्याला चढतेच. कधी खोकल्याची बाटली, कधी तोंड आल्यावर लावायचे औषध, कधी ‘गॅस’ची गोळी, तर कधी वडिलांची ब्लडप्रेशरची गोळी. यातल्या कित्येक तक्रारींच्या मुळाशी विडी, सिगारेट किंवा तंबाखूची पुडी असते. औषध देणाऱ्याला ते दिसतही असते. पण तो विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. त्याने विचारावे आणि पुढे काय करायचे हे त्याला रीतसर शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

“विडी सोडा” हे आम्ही डॉक्टर रोज सांगतो. खरी अडचण सोडल्यानंतर सुरू होते. शरीराला निकोटिनची सवय जडलेली असते. ते बंद झाले की चिडचिड, झोपमोड, बेचैनी, बद्धकोष्ठता असा त्रास होतो. पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांची जिद्द तिथेच मोडते. वास्तविक हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो आणि तल्लफ एका वेळी काही मिनिटेच टिकते. हे सांगून धीर देणारा माणूस त्या दिवसांत जवळ हवा. तेवढ्यासाठी दवाखान्यात पुन्हा नंबर लावून कोणी बसत नाही. मेडिकल मात्र जाता-येता वाटेवरच असते.

ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील ग्रॅम्पियन भागात १९९० च्या दशकात ६२ औषध दुकाने घेऊन एक अभ्यास झाला. काही दुकानांतील फार्मासिस्टना आणि त्यांच्या मदतनिसांनाही प्रशिक्षण दिले. नऊ महिन्यांनी या दुकानांच्या गिऱ्हाइकांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी धूम्रपान सोडल्याचे सांगितले. इतर दुकानांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही, हे मान्य. पण ज्या घरातली विडी सुटली, त्या घराला टक्केवारीशी काय करायचे?

मात्र तिकडचा अभ्यासक्रम जसाच्या तसा इथे चालणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे असे २४.४ टक्के होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी चुना-तंबाखूची डबी खिशात आहेच. म्हणून आपल्याकडच्या फार्मासिस्टने “काका, विडी ओढता का?” एवढ्यावर न थांबता “मावशी, मशेरी लावता का?” हेही विचारायला शिकले पाहिजे.

प्रशिक्षणात काय असावे? पहिले, दिवसाला किती आणि सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली, हे विचारणे. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल, तर सवय घट्ट समजावी. दुसरे, निकोटिनच्या च्युइंगमची योग्य रीत. ते गोळीसारखे कचाकचा चावायचे नसते. सावकाश चावून तिखटपणा जाणवला की गालात धरून ठेवायचे, तो ओसरला की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. ही रीत न सांगता पाकीट विकले, तर उचक्या आणि जळजळीने गिऱ्हाईक दोन दिवसांत ते फेकून देते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणाला दुकानातून परत पाठवायचे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, असे काही असेल तर मलम न देता डॉक्टरकडेच धाडावे. गरोदर स्त्री आणि नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेला रुग्ण यांनाही. दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्याने विडी सोडली, की रक्तातले औषध वाढते आणि डोस कमी करावा लागतो. औषधांचा जाणकार फार्मासिस्ट हे नेमके ओळखू शकतो.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, आधीच केमिस्ट निम्मा डॉक्टर झाला आहे, त्याला आणखी कशाला चढवता? मी म्हणतो, गिऱ्हाईक त्याला सल्ला विचारणारच, मग तो सल्ला शिकून दिलेला काय वाईट? शिवाय २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कामच ठरवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कित्येक दुकानांत भिंतीवरचे सर्टिफिकेट एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच! अशा ठिकाणी प्रशिक्षणाचा कागद आणखी एक फ्रेम होऊन लटकेल. म्हणून फार्मासिस्ट स्वतः हजर असेल त्याच दुकानाला यात घ्यावे आणि मदतनीस मुलालाही सोबत बसवावे.

खर्च फारसा नाही. केमिस्ट संघटना, जिल्हा रुग्णालय आणि डी.फार्मचे कॉलेज यांनी मिळून दोन रविवार काढले तरी सुरुवात होईल. संध्याकाळच्या गर्दीत वेळ कुठला, असे कोणी म्हणेल. दोन मिनिटे पुरतात. पुढच्या महिन्यात तोच माणूस गोळ्या न्यायला येतो, तेव्हा “काय काका, जमतंय का?” एवढे विचारले तरी पाठपुरावा होतो.

वाचकांनीही वाट पाहत बसू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे; २०१८ पासून तो पाकिटांवर छापला जातो. आणि पुढच्या वेळी खोकल्याची बाटली मागताना मेडिकलवाल्याला आपण होऊन सांगा, “मी विडी ओढतो, सोडायची आहे.” त्याला उत्तर देता आले नाही, तर प्रशिक्षणाची गरज त्यालाच पटेल.