नव्या पुठ्ठ्यासाठी जुन्या दाराला भोकं

जुन्या गाड्या 'रिस्टोर' करणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे. इंजिन, रंग आणि क्रोम हे वादाचे नेहमीचे विषय, पण माझं भांडण दाराच्या आतल्या बाजूला लागणाऱ्या पुठ्ठ्यावरून आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण 'जुनं जपणं' या नावाखाली आपण नेमकं काय करतो, हे मला या पुठ्ठ्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

उदाहरण एमजीबीचं घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात तयार झालेली ही दोन दारांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. फेरारीसारखी ती राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. नोकरदार तरुणाने हप्त्यावर घ्यावी अशी होती. तिच्या दाराला आतून हार्डबोर्डचा तुकडा लागतो आणि त्यावर रेक्झिन चढवलेलं असतं. (रेक्झिन हा आपल्याला अगदी घरचा वाटणारा शब्द मुळात एका ब्रिटिश कापडाचं व्यापारी नाव.) आपल्याकडचे कारागीर याला डोअर पॅड म्हणतात. पॅडच्या मागे कडेने स्प्रिंगच्या क्लिपा असतात आणि त्या दाराच्या आतल्या पत्र्यातल्या भोकांत दाबून बसवतात. त्यावरून काच खालीवर करायचं हँडल आणि दार ओढायची मूठ स्क्रूने आवळली, की काम झालं. गाडीतल्या सर्वात स्वस्त भागांपैकी हा एक.

आणि स्वस्त आहे म्हणूनच तो सर्वात आधी कचऱ्यात जातो. गाडी उघडली की पहिल्याच दिवशी जुने पॅड उपटले जातात. रेक्झिनवर साठ वर्षांच्या कोपरांची चकाकी असते, एखादा कोपरा फुगलेला असतो, म्हणून ते 'खराब'. कॅटलॉगमधून नवा संच येतो. तो दाराला लावून बघितला की कळतं, क्लिपा भोकांसमोर येत नाहीत. एखादी चार मिलिमीटर इकडे, एखादी सहा मिलिमीटर तिकडे. काचेच्या हँडलचा दांडा भोकाच्या मध्यावर नाही. मग मालक आधी पॅड बनवणाऱ्याला शिव्या घालतो, आणि नंतर ड्रिल काढून दाराच्या पत्र्याला नवी भोकं पाडतो.

माझा राग या ड्रिलवर आहे. साठ वर्षं टिकलेलं दार अस्सल, गेल्या महिन्यात कापलेला पुठ्ठा नक्कल. आणि नकलेला सोय व्हावी म्हणून आपण अस्सलला भोकं पाडतो! वर सांगताना सांगतो की गाडी 'मूळ रूपात' आणली.

यात पुठ्ठेवाल्याचा दोष फारसा नसतो. ॲबिंग्डनच्या कारखान्यात यंत्राने सरकणारा पट्टा नव्हता. गाड्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याकडे माणसं हाताने ढकलत नेत. दार बिजागरीवर टांगायचं, फट बघायची, थोडं वर, थोडं आत, असं ते जुळवलं जाई. त्यानंतरच्या दशकांत कुणी गंजलेल्या दाराचा बाहेरचा पत्रा बदललेला असतो, कुणी दुसऱ्या गाडीचं दार आणून लावलेलं असतं. त्यामुळे आज कोणतीही दोन दारं तंतोतंत सारखी नसतात. नवा पॅड एका साच्यावर बेततात, तुमच्या दारावर नव्हे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक समजूत असते की नीट लिहून ठेवलं की कुठलाही भाग कुठेही बसतो. (तिथेही ती खरी नाही, पण ते असो.) या गाड्यांत ती चालत नाही. इंग्रजीत या कामाला फिटिंग म्हणतात ते उगाच नाही. पॅड नुसता लावून भागत नाही, तो त्या एका दाराला बेतावा लागतो, ब्लाउज बेततात तसा. आणि ब्लाउज बसला नाही तर शिवण उसवतात, खांदा कापत नाहीत.

ड्रिलचं नुकसान केवळ तत्त्वाचंही नाही. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. दार तसंच बनवलेलं आहे. म्हणजे आतला पत्रा कायम ओलाव्यात. नव्या भोकाची कड उघड्या लोखंडाची, रंग नसलेली. गंज तिथूनच सुरू होतो. याच ओलाव्यापासून हार्डबोर्ड वाचावा म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवायचा असतो. तो फाटतो आणि परत कुणी लावत नाही, कारण तो दिसत नाही. पॅड फुगतो तो बहुतेक वेळा यामुळे. म्हणजे ज्या 'खराबी'साठी जुना पॅड फेकला, तिचं मूळ तसंच राहिलं, आणि काही वर्षांत नवाही फुगणार.

इथे एक योगायोग सांगितलाच पाहिजे. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस. त्यांचा मालक विल्यम मॉरिस, पुढे लॉर्ड नफील्ड झालेला, १८७७ साली जन्मला. त्याच १८७७ साली दुसऱ्या एका विल्यम मॉरिसने, म्हणजे कवी आणि वॉलपेपरच्या नक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मॉरिसने, जुन्या इमारती वाचवायला इंग्लंडमध्ये एक संस्था काढली. तिचा राग पाडापाडीइतकाच 'रिस्टोरेशन'वरही होता. जुनी चर्चेस मूळ रूपात आणायच्या उत्साहात मधल्या शतकांचं काम खरवडून काढलं जात होतं आणि त्या जागी वास्तुविशारदाच्या कल्पनेतलं मध्ययुग बसवलं जात होतं. मॉरिसचं म्हणणं साधं होतं: रोजची डागडुजी करा, गळतं ते थांबवा, आणि हात आवरा. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे एमजीबी रस्त्यावर आल्यावर दोन वर्षांनी, हाच विचार नियमाच्या रूपात आला. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि नवं घातलं तर ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, 'फिवा'ने, ट्यूरिन सनदेत हीच दिशा गाड्यांसाठी स्वीकारली आहे. पेबल बीचसारख्या श्रीमंती प्रदर्शनातही आता न रंगवलेल्या, न बदललेल्या गाड्यांसाठी वेगळे वर्ग असतात.

मग एमजीबीवाल्यांपर्यंत हे का पोचत नाही? माझं उत्तर: कारण सगळं मिळतं. १९८८ पासून तर अख्खी बॉडी नवी मिळू लागली, तीही कारखान्याच्या जुन्या साच्यांवर दाबलेली. दुर्मीळ गाडीचा मालक फाटका पॅडही जपतो, कारण दुसरा मिळणार नसतो. एमजीबीच्या मालकाला तो धाकच नाही. पण सगळंच नवं मिळत असेल, तर जुन्या गाडीत जुनं म्हणून राहतं काय? पत्र्यातली भोकं, कोपराची चकाकी, पॅडच्या मागे राहिलेली कुणाची पेन्सिलीची खूण. जे कॅटलॉगमध्ये नाही तेवढंच. आणि आपण नेमकं तेच फेकतो.

यावर आक्षेप येतात. पहिला: पुठ्ठा कुजलाय, त्याची काय पूजा करायची? पूजा नको, आधी तपासा. नुसता वाकला असेल तर किंचित ओलसर करून सपाट फळीवर वजनाखाली काही दिवस ठेवला की बराचसा सरळ होतो. क्लिपेपाशी फाटला असेल तर मागून पातळ तुकडा इपॉक्सीने चिकटवता येतो. पाठीला वॉर्निश दिलं की पुढची ओल कमी पिते. रेक्झिन मऊ असेल तर सौम्य साबण पुरतो. काढताना पॅड ओढू नये, चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी लगत घालून उचकावं. निम्मे पॅड फाटतात ते काढणाऱ्याच्या घाईने. एवढं करूनही तो खरंच संपला असेल तर जरूर बदला. पण मग जुना नव्या बोर्डावर ठेवून भोकं त्याच्यावरून आखा. जुना गेलाच असेल तर कोरा बोर्ड दाराला धरून मागून खुणा करा. जाडी मूळचीच ठेवा, कारण जाड बोर्ड दाराच्या कडेच्या रबरावर दाबला जातो आणि दार लागत नाही. भोकं जुळली की मगच रेक्झिन चढवा. बदल पुठ्ठ्यात होऊ द्या, पत्र्यात नको. आणि जुना पॅड माळ्यावर ठेवा.

दुसरा आक्षेप: आम्हाला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी आहे. हे म्हणणाऱ्यांच्या गाड्यांत मी पॅडवर खरं चामडं चढवलेलं बघितलंय. सुरुवातीच्या एमजीबीत चामडं होतं ते सीटच्या बसायच्या भागांवर, दारावर नाही. कारखाना काटकसरी होता. म्हणजे यांना हवी आहे ती कारखान्याची गाडी नव्हे, कारखान्याने कधीच न बनवलेली अशी सुवर्णकाळातली गाडी.

तिसरा आक्षेप: गाडी माझी, पैसा माझा. कबूल. ड्रिल चालवायचा हक्कही तुमचाच. पण मग त्याला रिस्टोरेशन म्हणू नका. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. नूतनीकरण आणि जीर्णोद्धार. पहिलं करायला काहीच हरकत नाही, छान नवी गाडी मिळेल. दुसऱ्याला मात्र जीर्ण काहीतरी शिल्लक लागतं, कारण उद्धार त्याचाच करायचा असतो.

मागणी फार मोठी नाही. पॅड बसत नसेल तर ड्रिल खाली ठेवा, कानस घ्या आणि पुठ्ठा घासा. मागचा प्लास्टिकचा कागद आठवणीने लावा. मग क्रोम हवं तेवढं चमकवा, माझी काही तक्रार नाही.