सुतळीची परीक्षा

मुलांनो, आज एक कोडं घालते. दोन माणसं आहेत. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. मग अंगातली चरबीही सारखीच असणार, होय ना?

चुकलात!

ही माणसं खरीखुरी आहेत बरं का. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांनी आपली चरबी मोजून घेतली. युडकिन यांच्या अंगात ती भरली ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! २००४ साली ही गंमत दोघांच्या फोटोसह 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

म्हणजे बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी लपून बसते. कुठे? आपल्या लोकांत बऱ्याचदा पोटात. मांड्यांवर कातडीखाली साठणारी चरबी त्या मानाने गरीब. पण यकृत नि आतड्यांभोवती बसलेली चरबी भारी त्रासदायक. तिच्यामुळे रक्तातली साखर नि चरबी वाढते. मग हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत हळूहळू थर बसतो. नळी तुंबली की हार्ट अटॅक! ५२ देशांतल्या माणसांची एक मोठी पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. उंची-वजनाच्या हिशेबापेक्षा कंबर नि नितंबांच्या मापावरून हा धोका जास्त चांगला कळतो, असं तीत दिसलं.

आमच्या आरोंद्याकडे कुणाचं पोट पुढे आलं, की लोक कौतुकाने म्हणतात, "संसार बरो चाललो हा!" हातपाय काडीसारखे नि पोट घागरीसारखं, अशा माणसाला वजनकाटा काही बोलत नाही. सुतळी मात्र बोलते!

करून पाहा. उंचीएवढी सुतळी कापा. ती दुमडून बरोबर अर्धी करा. आता बेंबीच्या जरा वर कमरेभोवती गुंडाळा. टोकाला टोक मिळालं, तर शाब्बास! नाही मिळालं, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. मोठ्यांसाठी आणखी एक खूण आहे. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात.

सुतळी कमी पडली म्हणून घाबरायचं नाही. मोठ्यांनी दवाखान्यात जाऊन रक्तदाब नि साखर तपासून घ्यावी. रोज तरातरा चालावं. फरसाण नि गोड थंड पेयं कमी करून कुळथाची पिठी, भाजी, मासळी खावी. विडी-सिगारेट तर नकोच. तुम्ही मात्र उपाशी राहू नका, तुमचं वाढायचं वय आहे. भरपूर खेळा. आणि हो, वर्गात कुणाला 'ढोल्या' म्हणून चिडवायला ही सुतळी नाही, आपल्या माणसांना जपायला आहे.

तर या रविवारी घरातल्या सगळ्यांची परीक्षा घ्या. बाबा हळूच पोट आत ओढतील. लक्ष ठेवा हं!