प्लास्टिकच्या पोटातील वीज

प्लास्टिक विजेला अडविते, हे आपण शाळेत शिकलो. तारेवरचे आवरण त्यासाठीच असते. या समजुतीला तडा दिला तो जपानच्या हिदेकी शिराकावा यांनी. १९६७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि भुकटीऐवजी पॉलिअॅसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा हाती आला. १९७७ मध्ये मॅक्डायर्मिड व हीगर यांच्यासह त्यांनी त्यावर आयोडीनचा संस्कार केला, तेव्हा त्याची विद्युत्‌वाहकता कोटीपट वाढली. २००० साली तिघांनाही नोबेल मिळाले.

बॅटरीच्या कामी मात्र हा पदार्थ टिकला नाही. अकिरा योशिनो यांनी १९८१ मध्ये त्यापासूनच आरंभ केला होता. पुढे त्याला सोडून त्यांनी कार्बन घेतला, तेव्हा कुठे आजची लिथियम बॅटरी सिद्ध झाली.

वासेदा विद्यापीठाचे बहुवारिक-रसायनज्ञ हिरोयुकी निशिदे निराळ्याच वाटेने येथे पोहोचले. त्यांना सेंद्रिय पदार्थात चुंबकत्व आणावयाचे होते. त्यासाठी त्यांनी रेणूंच्या लांब साखळीवर मूलके बसविली. मूलक म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा अणुगट; एरवी तो क्षणभरही तग धरीत नाही. पण असा इलेक्ट्रॉन झटपट देता-घेता येतो, आणि बॅटरीला दुसरे काय हवे? २००२ साली एनईसी कंपनीच्या संशोधकांनी मूलकयुक्त प्लास्टिकचा विद्युत्‌घट करून दाखविला. निशिदे यांनी पुढे याच विषयाला वाहून घेतले. २०१२ मध्ये अवघ्या ०.३ मिलिमीटर जाडीचा घट तयार झाला.

तरीही तो बाजारात रुळलेला नाही. त्यात वीज कमी साठते, वाहकतेसाठी कार्बन मिसळावा लागतो, आणि दुसऱ्या अग्राला बहुधा लिथियम लागतेच. हे दोष आम्ही लपवू इच्छीत नाही. परंतु जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट एकट्या काँगोच्या भूमीतून, तेही कित्येकदा कोवळ्या मुलांच्या हातांनी, उपसले जाते. खाणीची लाल धूळ अंगावर घेतलेल्या गोमंतकीयांना याचा अर्थ सांगावयास नको. निशिदे यांच्या पदार्थाला कोबाल्टची गरजच नाही.

आपल्या देशाचे काय? लिथियम घट आपण मुख्यतः चीनकडून घेतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे आणि बहुवारिकांत तिचा लौकिकही आहे. पण संशोधनावरील देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के. त्यातही अनुदान तुटपुंज्या मुदतीचे, आणि मुदत सरण्याआधीच ‘उपयोग काय?’ हा प्रश्न दारात उभा. चुंबकाच्या शोधात असताना निशिदे यांना कोणी तो विचारला असता, तर त्यांच्यापाशी तरी काय उत्तर होते?