तेराव्या वर्षीचा लांब षटकार

राधानगरी तालुक्यात पाऊस ओसरला, भाताची कापणी उरकली की मोकळ्या झालेल्या रानांत टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. जवळपास प्रत्येक गावच्या संघात एक पोरगा असा असतो, की त्याने मारलेला चेंडू शोधायला दोघांना ऊसात शिरावे लागते. वय तेरा-चौदा, बरोबरीच्या मुलांपेक्षा टाळूभर उंच, ओठांवर मिसरूड. मैदानाच्या कडेला बसलेली मोठी माणसे लगेच भाकीत करतात, ‘ह्यो पुढं जाणार.’ त्यातले काहीजण खरोखर पुढे जातात. बहुतेकांचे नाव मात्र चार वर्षांत कुणाला आठवत नाही. आणि त्याच संघात अकराव्या क्रमांकावर खेळणारा, काडीसारखा एखादा मुलगा तोवर खेळ सोडून मोकळा झालेला असतो.

लांब फटका मारण्याची ताकद नेमकी कशातून येते, ती लहान वयात ओळखता येते का आणि ओळखण्यात चूक कुठे होते, याचा सर्वात जास्त अभ्यास अमेरिकेतील बेसबॉलने केला. आपल्याकडे राज्याच्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, पण गावोगाव खेळले जाते ते क्रिकेटच. फटक्याचे शास्त्र मात्र दोन्हीकडे सारखेच आहे, आणि त्याचे चांगले उदाहरण सोलापूर जिल्ह्यात सापडते.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपुरात महिलांच्या राष्ट्रीय टी-२० स्पर्धेत महाराष्ट्राच्या किरण नवगिरेने पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केले. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा २०२१ मधला ३६ चेंडूंचा जागतिक विक्रम त्यामुळे मागे पडला. किरणच्या नाबाद १०६ धावांत १४ चौकार आणि ७ षटकार होते, म्हणजे १०६ पैकी ९८ धावा सीमारेषेपलीकडच्या. त्याआधी २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-२० सामन्यात १६२ धावा केल्या होत्या. पुरुष असो वा महिला, टी-२० मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली.

माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या या शेतकरी कुटुंबातील मुलीचे आधीचे खेळ लक्षात घेण्यासारखे आहेत. क्रिकेटकडे गांभीर्याने वळण्यापूर्वी ती भालाफेक आणि गोळाफेक करायची, रिलेत धावायची. तिच्या फटक्यातली ताकद बॅट हातात येण्याआधीच तयार होऊ लागली होती, असे म्हणायला पुरेशी जागा आहे.

भालाफेकीत ताकद खांद्यात असते असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती जमिनीतून येते. धावत येणारा खेळाडू पुढचा पाय ताठ रोवतो. शरीराचा पुढे जाण्याचा वेग तिथे अडतो आणि वर सरकतो. आधी कंबर वळते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. आसूड ओढताना मुठीची हालचाल थोडी असते, पण टोकाला आवाज फुटतो, तसेच हे आहे. लांब षटकारातही हीच साखळी असते. पुढचा पाय रोवला जातो, कंबर खांद्यांच्या आधी उघडते, बॅट सर्वात मागून येते आणि सर्वात वेगाने येते. साखळीतली एक कडी जरी अवेळी हलली तरी दंडाच्या ताकदीने तिची भरपाई होत नाही. तालमीत घडलेला धिप्पाड गडी पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहतो तेव्हा चेंडू तीस यार्डांत का पडतो, त्याचे उत्तर यात आहे.

बॅट आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढीच असते. तेवढ्यात ‘ढकलायला’ वेळच नसतो. त्या क्षणी बॅटचा वेग किती आणि चेंडू किती अंशांनी वर उडाला, यावर सगळे ठरते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर चेंडूचा वेग दहा टक्के वाढल्यावर अंतर सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन यंत्राने मोजला जातो. ताशी सुमारे १५८ किलोमीटर किंवा अधिक वेगाने आणि २६ ते ३० अंशांत सुटलेला चेंडू तिथे उत्तम फटका मानला जातो.

मग तेरा वर्षांच्या मुलाच्या बॅटचा वेग मोजला की भविष्य कळले, असे का म्हणू नये? कारण त्या वयात आपण बऱ्याच अंशी त्याच्या हाडांचे वय मोजत असतो.

मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण अकरा-बारा वर्षांचा आणि मुलांचा तेरा-चौदाचा. ही झाली सरासरी. एकाच वर्गातल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. ताकदीची मोठी वाढ उंचीच्या वाढीनंतर काही महिन्यांनी येते. त्यामुळे लवकर वयात आलेला मुलगा चौदा वर्षांखालील सामन्यात जवळजवळ सोळा वर्षांच्या शरीराने खेळत असतो. त्यात फसवणूक काही नाही, दाखलाही खरा असतो. भारतीय क्रिकेट मंडळ लहान वयोगटांत मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय तपासते ते वयचोरी पकडण्यासाठी. तीच माहिती उशिरा वाढणाऱ्या मुलाला सांभाळून घेण्यासाठी वापरली, तर निवडीच्या याद्या बऱ्याच वेगळ्या दिसतील.

सोळा-सतराव्या वर्षी बाकीची मुले उंचीला गाठतात तेव्हा लवकर वाढलेल्या मुलाची खरी अडचण होते. तोवर त्याला चेंडू निवडायची गरजच पडलेली नसते. जे येईल ते आडव्या बॅटने मिडविकेटवरून भिरकावले तरी भागत होते. त्यात टेनिसच्या चेंडूने भर घातलेली असते. साध्या टेनिस चेंडूचे वजन ५८ ग्रॅमच्या आसपास, पुरुषांच्या क्रिकेटमधल्या लेदरच्या चेंडूचे १५६ ते १६३ ग्रॅम आणि महिलांच्या चेंडूचे १४० ते १५१ ग्रॅम. हलका चेंडू बॅटचा वेग फारसा खात नाही. चुकीच्या जागी लागला तरी तो उडतो. लेदरचा चेंडू बॅटच्या काठाकडे लागला की हात झिणझिणतात आणि झेल उडतो. रानातला षटकार मोजताना हा हिशेब कुणी करत नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर बॅटबद्दलही बोलायला हवे. ‘मोठा झाला तरी चालेल’ म्हणून शाळेच्या बुटांप्रमाणे बॅटही दोन मापे मोठी घेण्याची आपली जुनी रीत आहे. बुटात कापूस कोंबता येतो. जड बॅट पेलताना मुलाची साखळी मात्र बिघडते. कमरेआधी खांदे फिरतात, बॅट उशिरा येते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले अभियंते टेरी बाहिल यांनी बेसबॉलपटूंच्या बॅटचा वेग मोजून दाखवले, की प्रत्येक खेळाडूसाठी योग्य वजन वेगळे असते आणि अनेकांसाठी ते ते वापरत असलेल्या बॅटपेक्षा कमी असते. हे निघाले होते प्रौढ, पगारी खेळाडूंच्या बाबतीत.

ताकदीइतकाच, किंबहुना पुढे जाऊन जास्तच, महत्त्वाचा भाग म्हणजे कोणता चेंडू मारायचा हे ठरवणे. ताशी १३० किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्यातला पाव सेकंदाच्या जवळपास काळ डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करण्यातच जातो. म्हणजे चेंडू शेवटपर्यंत बघून मारणे शक्यच नाही. लँड आणि मॅक्लॉड या ब्रिटिश संशोधकांनी २००० मध्ये वेगवेगळ्या दर्जाच्या तीन क्रिकेटपटूंच्या डोळ्यांची हालचाल टिपली. चेंडू हातातून सुटताच फलंदाजाची नजर तो जिथे टप्पा घेणार तिथे आधीच जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची नजर तिथे लवकर पोचते, असे त्यांना दिसले. हे कौशल्य जिममध्ये येत नाही. वेगवेगळे गोलंदाज हजारो वेळा खेळल्यावर येते.

अमेरिकेच्या टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ४०० च्या वर सरासरी राखली. तिथल्या मोठ्या लीगमध्ये नंतर पूर्ण हंगामात ते कुणाला जमलेले नाही. फटकेबाजीवरच्या आपल्या पुस्तकात त्याने समोरच्या चौकटीत ७७ चेंडू मांडून प्रत्येक जागी आपली सरासरी काय राहील ते लिहिले. मधोमध आलेल्या चेंडूवर ४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात २३०. माणूस तोच, ताकदही तीच. फरक फक्त चेंडू कुठे आला याचा.

किरण नवगिरेचा प्रवासही याच मुद्द्यावर अडखळला, हे लपवायचे कारण नाही. २०२२ मध्ये तिला भारताकडून संधी मिळाली, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिच्या नावावर मोठी खेळी लागली नाही आणि ती संघाबाहेर गेली. वरच्या पातळीवर गोलंदाज दोन-चार चेंडूंत आवडती जागा ओळखतात आणि तिथे चेंडू टाकतच नाहीत. २०२४ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये तिला सलामीला पाठवल्यावर मुंबईविरुद्ध ३१ चेंडूंत ५७ धावा आल्या. सलामीला नवा, कडक चेंडू मिळतो आणि बहुतेक क्षेत्ररक्षक आत असतात. तिची ताकद त्या जागी बसते. नागपूरचा विक्रम मोठाच, तरी राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी तो एकटा पुरेसा पुरावा नाही.

राधानगरीला या चर्चेत स्वतःचे उदाहरण आहे, जरी ते बॅटचे नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे वर्षभर सर्वांगीण शारीरिक प्रशिक्षण झाल्यावर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी निवडली. प्रबोधिनीच्या निवड चाचणीत जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव अशा गोष्टी मोजतात. स्फोटक ताकद ओळखायला या चाचण्या चांगल्या आहेत. पण त्यांतही लवकर वाढलेले मूल पुढे असते, आणि रायफल स्थिर धरणारा शांतपणा त्यांत मोजला जात नाही. तो पुढच्या वर्षांत दिसला. गंमत म्हणजे किरण आणि स्वप्नील दोघेही महेंद्रसिंह धोनीला आदर्श मानतात. तिला त्याचा षटकार भावला, याला त्याचे थंड डोके.

एकाच्या आयुष्यात भाला आणि गोळा, दुसऱ्याच्या आयुष्यात वर्षभराची सर्वसाधारण कसरत. दोघांनीही पौगंडावस्थेत शरीर एका खेळाच्या दावणीला लगेच बांधले नाही. वैद्यकीय दृष्टीनेही ते बरे असते. वाढत्या हाडांच्या टोकाशी असलेला मऊ भाग एकाच हालचालीच्या अतिरेकाने दुखावतो. म्हणूनच अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत अशी मर्यादा आहे. आपल्या नेट्समध्ये गोलंदाजाची षटके निदान कुणीतरी मोजते. सुट्टीत दिवसाला तीन सामने खेळून पाठ धरून बसलेल्या फलंदाजाचे फटके कोण मोजतो? देखरेखीखाली, हलक्या वजनाने केलेल्या व्यायामाने मात्र उंची खुंटत नाही. तो समज घराघरांत अजून घट्ट आहे. वयात येण्यापूर्वी अशा व्यायामाने स्नायू फारसे फुगत नाहीत, मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारतो, आणि फटक्याला हवा असतो तो हाच मेळ.

मुलींच्या बाबतीत आणखी एक तपासणी आधी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दुसऱ्या धावेनंतर धाप लागणाऱ्या मुलीला ‘दम नाही’ म्हणून बाजूला काढण्याआधी तिचे हिमोग्लोबिन बघायला हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते.

गावच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडे चेंडूचा वेग मोजणारे यंत्र नसते, आणि त्यावाचून फारसे अडत नाही. भिंतीवर पेन्सिलने दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करता येते. ज्या तिमाहीत खुणांमधले अंतर एकदम वाढले, त्या काळात त्या मुलाची लय बिघडू शकते, गुडघा किंवा टाच दुखू शकते, तेव्हा सराव कमी करायचा. आणि सामन्याच्या वहीत षटकारांच्या शेजारी एक रकाना आखायचा, पोराने किती वाईट चेंडू सोडून दिले त्याचा.