शोभेची बंदूक आणि कायद्याची नजर

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील मुलांनी स्नेहसंमेलनासाठी एक एकांकिका बसवली होती. विषय नाशिकचाच होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री येथील विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने पिस्तूल झाडले, त्या प्रसंगाचा. लाकडी पिस्तूल मागच्या रांगेतूनही लाकडीच दिसते, म्हणून एका विद्यार्थ्याने शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून धातूचे, भरीव नळीचे पिस्तूल विकत आणले. तालमीहून परतताना नाक्यावर त्याची पिशवी तपासली गेली आणि पुढचे तीन तास तो मुलगा व त्याचे वडील एका चौकीतील बाकावर बसून होते. दुकानदाराची पावती त्याच्याजवळ होती. परंतु तिच्यावर ‘शोपीस, एक नग’ एवढेच लिहिलेले. अखेर एका जाणत्या अधिकाऱ्याने वस्तू उलटसुलट पाहिली, नळी भरीव असल्याची खात्री करून घेतली आणि मुलाला घरी जाऊ दिले.

पोलिसांनी यात काही अवाजवी केले असे मला वाटत नाही. रात्रीच्या अंधारात पिशवीतून पिस्तूल निघाल्यावर जबाबदार माणसाने दुसरे काय करावे? परंतु दुसऱ्या दिवशी त्या मुलाने विचारले, “सर, मी गुन्हा केला होता की नव्हता?” या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीला सामोरे जावयाचे असलेल्या तरुणाच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नव्हे. म्हणून कायदा उघडून पाहिला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

शस्त्रांचा कायदा आपल्याकडे मुळात संशयातून जन्मला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने एतद्देशीयांना परवान्याच्या जाळ्यात अडकवले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. त्या भेदाविरुद्ध काँग्रेसने आपल्या आरंभीच्या काळातच ठराव केले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात वांशिक भेद उरला नाही. शिवाय निरुपद्रवी वस्तू वगळण्याची तरतूदही विचारपूर्वक करण्यात आली.

या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. खेळणे म्हणून वापरण्याखेरीज ज्याचा अन्य उपयोग होऊ शकत नाही आणि ज्याचे चालू शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, अशी वस्तू त्या व्याख्येतून वगळली आहे. येथे दोन अटी आहेत व त्या दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. वस्तू आज गोळी झाडत नाही एवढे पुरेसे नाही. उद्याही तिला झाडावयास लावता येऊ नये. दुसरी तरतूद पंचेचाळिसाव्या कलमात आहे. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे अथवा नादुरुस्त असे जे हत्यार दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, त्याला हा अधिनियम लागू होत नाही. वाड्याच्या माळ्यावर सापडलेली, गंजून सडलेली आजोबांची ठासणीची बंदूक या कलमात बसू शकते. मात्र ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द विसरून चालणार नाही.

याच्या उलट बाजूस कायदा अत्यंत कठोर आहे. परवान्यावाचून बंदूक बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन व कमाल पाच वर्षांचा कारावास आणि दंड आहे. नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत विनापरवाना रूपांतर करणाऱ्यास तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा हौसेखातर नळी ‘जरा मोकळी’ करून पाहणारा माणूस केवढ्या कड्यावर उभा असतो, हे त्याने ओळखावे.

२०२० साली केंद्र सरकारने आणखी एक सवलत दिली. ‘क्युरिओ’ म्हणजे दुर्मीळ व संग्राह्य वर्गातील लहान शस्त्रे मिळवण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकांना परवान्याची गरज उरली नाही. मात्र ती वापरावयाची, घेऊन फिरावयाची वा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यावयाची तर परवाना लागतोच. ही सवलत जुन्या, अस्सल शस्त्रांसाठी आहे. काल घडवलेल्या प्रतिकृतीने तिच्या आड दडण्याचा प्रयत्न करू नये.

आता मूळ अडचणीकडे वळू. आपण ‘ऐतिहासिक बंदूक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तोड्याची लांब बंदूक येते. परंतु नाशिकच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध बंदूक कोणती? कान्हेऱ्यांच्या हातातील ब्राउनिंग पिस्तूल. ते आजच्या पिस्तुलाइतकेच आधुनिक दिसते. म्हणजे इतिहास हा घटनेचा गुण आहे. तो वस्तूच्या रूपात दिसेलच असे नाही. आणि येथे एक मोठा विरोधाभास आहे. ब्राउनिंगची जस्ताच्या मिश्रधातूची भरीव प्रतिकृती काहीही झाडू शकत नाही, पण ती पाहून कोणाचीही छाती दडपेल. उलट तोड्याच्या बंदुकीची हौशी कारागिराने घडवलेली प्रतिकृती भिंतीवर अगदी निरुपद्रवी दिसते. तथापि तिची नळी पोलादी व आरपार पोकळ असेल आणि बुडाशी बत्तीचे छिद्र असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती बंदूकच ठरण्याचा संभव आहे. कारण मूळच्या बंदुकीत तरी याहून अधिक काय होते? दिसण्याचा धोका वेगळा आणि असण्याचा धोका वेगळा. आपला कायदा मुख्यतः दुसऱ्याचा विचार करतो. नाक्यावरच्या शिपायाला मात्र पहिल्याचाच निर्णय क्षणार्धात करावा लागतो.

अन्य देशांनी हे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. जपानने १९७१ साली धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद असावी आणि त्यांना पांढरा वा पिवळा रंग द्यावा असा नियम केला. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंधन घातले. पण १८७० पूर्वीच्या बनावटीसारख्या दिसणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्या आणि संग्रहालये, नाटके, चित्रपट व ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्रचना यांना सूट दिली. अमुक वस्तू कोणत्या बाजूला पडते, हे तेथील गिऱ्हाइकाला दुकानातच कळू शकते.

आमच्या शास्त्रात या प्रश्नाला जुने नाव आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो पण घेणाऱ्याला पारखता येत नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. शोभेच्या बंदुकांचे नेमके तेच होऊ घातले आहे. भरीव नळीसाठी, स्पष्ट वर्णनाच्या पावतीसाठी दोन पैसे अधिक खर्च करणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला त्याचा काही लाभ नाही. कारण त्याची पावती आणि पदपथावरील विक्रेत्याचा शब्द यांची किंमत चौकीत सारखीच ठरते. सोन्याच्या बाजारात २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला. त्याच वर्षापासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांनाही मानक चिन्ह आवश्यक झाले. म्हणजे बालकाच्या प्लास्टिकच्या पिस्तुलावर सरकारी खूण असते. पण शिक्षकाने वर्गात दाखवण्यासाठी घेतलेल्या धातूच्या प्रतिकृतीबरोबर मात्र बहुधा ‘शोपीस’ या शब्दाखेरीज काही येत नाही.

एवढ्या हौशी लोकांसाठी सरकारने का शिणावे, असा आक्षेप येईल. गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट असताना शोभेच्या वस्तूंची चिंता कशाला? मला हा आक्षेप उलटा वाटतो. जी वस्तू निरुपद्रवी आहे ती तशी ओळखता आली, तर पोलिसांचे ते तीन तास खऱ्या कट्ट्यामागे खर्च होतील. शिवाय मागणी वाढणार आहे. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत आपल्या जिल्ह्यातील साल्हेर आहे. त्याच वर्षी रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. अस्सल वस्तूंचा पुरवठा वाढू शकत नाही, त्यांच्या किमती मात्र वाढत राहतात. शाळा, नाट्यसंस्था आणि सामान्य इतिहासप्रेमी यांना प्रतिकृती हाच पर्याय उरतो. तांब्या-पितळेच्या कामाची परंपरा सांगणाऱ्या नाशिकला यात रोजगारही दिसावयास हवा.

उपाय अवघड नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीत मुले निकामी केलेल्या रायफली खांद्यावर घेतात; त्या निकामी आहेत हे ठरवण्याची व त्यांच्यावर तशी खूण करण्याची रीत आपल्या यंत्रणेला परिचयाची आहे. तीच रीत बाजारातील प्रतिकृतींना लावावी: नळी भरीव, धातू मऊ, आणि सहज न पुसता येणारी ठळक खूण. खूण नकली असू शकेल हे खरे. पण नकली हॉलमार्क निघतात म्हणून कोणी हॉलमार्क रद्द करा असे म्हणत नाही.

तोपर्यंत घेणाऱ्याने स्वतःच दक्ष राहावे. पावतीवर ‘न झाडणारी प्रतिकृती, नळी भरीव’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. पोकळ नळीची वस्तू स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. प्रतिकृती घरात ठेवावी. न्यावीच लागली तर बंद खोक्यात, संस्थेच्या पत्रासह न्यावी. मिरवणुकीत तर ती नकोच, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालील मनाई आदेश आपल्याकडे वरचेवर निघतात. घरात जुनी बंदूक सापडली तर तिची परीक्षा आपण करू नये; शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

त्या विद्यार्थ्याला मी उशिरा का होईना उत्तर दिले. कायद्याची व्याख्या पाहता तू गुन्हा केला नव्हतास; मात्र ते सिद्ध करणारा कागद तुझ्यापाशी नव्हता, आणि तो तुला कोणी देऊही केला नव्हता. एकांकिका लाकडी पिस्तुलावरच पार पडली. मागच्या रांगेतील मुले हसली, हे सांगावयास हवे.